मोठे इंजिन, मोठी कमाई? बोटीचे इंजिन बदलण्यापूर्वी करावयाचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर १ जूनला मासेमारी बंदी लागली की बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि बंदराबंदरांतून पुढच्या हंगामाचे बेत सुरू होतात. कुणाला जाळी नवी करावयाची असते, कुणाला तळाच्या फळ्या बदलावयाच्या असतात. मिरकरवाडा, हर्णे, जयगड, साखरी नाटे येथील दालदी व अन्य मुस्लिम मच्छीमार असोत, की त्यांच्या शेजारचे खारवी, कोळी, गाबीत, भंडारी बांधव असोत, या दिवसांत अनेक नाखव्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "इंजिन कमी पडते, आता मोठे घातले पाहिजे."

हे वाक्य बोलावयास सोपे आहे. परंतु त्यामागे घर बांधण्याएवढा खर्च, काही वर्षांचे हप्ते आणि बोटीवर पोट असलेल्या सहा-आठ कुटुंबांची रोजी उभी असते. म्हणून इंजिन बदलण्याचा निर्णय शेजारच्या बोटीकडे पाहून करावयाचा नसून कागद-पेन्सिल घेऊन करावयाचा आहे. हा हिशेब कसा मांडावा, याची माहिती येथे देत आहोत.

शिडाकडून अश्वशक्तीकडे

आपल्या किनाऱ्यावरील मचवे पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्यावर चालले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शिडाच्या बोटींवर डिझेल इंजिने बसू लागली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली. किर्लोस्कर आणि रस्टन ही नावे बंदरांवर घरोघरी माहीत झाली. पुढे अशोक लेलँडची इंजिने बोटींसाठी फेरफार करून मोठ्या प्रमाणावर वापरात आली. २०१० नंतरच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर चिनी बनावटीची ३०० ते ४०० अश्वशक्तीची किंवा त्याहूनही मोठी इंजिने दिसू लागली. ज्या आकाराच्या बोटीला एके काळी ४०-५० अश्वशक्ती पुरेशी वाटे, तेथे आज १०० चाही भरवसा वाटत नाही.

ही वाढ सगळीच अनाठायी आहे असे नाही. मासळी किनाऱ्यापासून दूर गेली, फेऱ्या लांबल्या, बर्फाचा भार वाढला, जाळी मोठी झाली. गरज खरी असेल तर इंजिन बदललेच पाहिजे. प्रश्न एवढाच की गरज खरी आहे हे ओळखावे कसे?

दुखणे नेमके कुठे आहे?

बोट ओढत नाही म्हणजे इंजिन लहान आहे, असे सरसकट समजू नये. पुष्कळदा इंजिन आजारी असते, पंखा चुकीचा असतो किंवा तळ घाण झालेला असतो. तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपल्यांचे थर बोटीला पाण्यात अक्षरशः धरून ठेवतात. जागतिक अन्न व शेती संघटनेने लहान मच्छीमार बोटींच्या इंधन बचतीवर १९९९ साली एक पुस्तिका काढली होती. तळाची निगा न राखल्यास एका महिन्यात इंधनाचा खर्च ७ टक्क्यांपर्यंत आणि सहा महिन्यांत ४४ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे तीत म्हटले आहे. म्हणजे तळ खरवडून रंग लावण्याच्या खर्चात जे काम होते, त्यासाठी काही जण नवे इंजिन घ्यावयास निघतात.

खरी परीक्षा अशी घ्यावी. प्रथम तळ साफ करावा, एअर फिल्टर बदलावा, नोझल आणि फ्युएल पंप तपासून घ्यावेत. मग शांत पाण्यात, नेहमीचा माल भरून, इंजिन पूर्ण ताकदीवर चालवावे व मिनिटाला फेरे किती होतात हे मीटरवर पाहावे. इंजिनाच्या पाटीवर पूर्ण ताकदीचे फेरे लिहिलेले असतात. या दोन आकड्यांची तुलना बरेच काही सांगून जाते.

पाटीवरील फेरे गाठलेच जात नाहीत आणि धूर काळा येतो, तर इंजिनावर ओझे जास्त आहे किंवा त्याला हवा कमी मिळते आहे. पंख्याचा पीच जास्त असला तरी असेच होते. अशा वेळी पंखा बदलणे किंवा त्याचा पीच कमी करून घेणे हा स्वस्त उपाय आहे. फेरे सहज गाठले जातात, धूर स्वच्छ आहे, तरीही बोट मंद चालते, तर पंखा लहान आहे. इंजिनात ताकद शिल्लक आहे, पण ती पाण्यापर्यंत पोहोचत नाही. धूर निळा असेल तर इंजिन स्वतःचे ऑईल जाळते आहे, ते उघडून पाहावे लागेल. पांढरा धूर सतत येत असेल तर डिझेल न जळता जाते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी येते आहे.

इंजिन निरोगी आहे, पंखा बरोबर आहे, तळ साफ आहे, फेरे पाटीप्रमाणे मिळतात, आणि तरीही जाळे ओढताना किंवा लाटांवर बोट हटते, तेव्हाच म्हणावे की इंजिन खरोखर लहान आहे.

वेगाची किंमत

मोठे इंजिन घेणाऱ्याच्या मनात पहिली अपेक्षा वेगाची असते. येथेच सर्वांत मोठी फसगत होते.

आपल्या लाकडी व जड फायबरच्या बोटी पाणी कापत, बाजूला सारत चालतात. अशा बोटीला तिच्या लांबीने घातलेली वेगाची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर बोटीची लांबी जितके फूट असेल त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. येणारा आकडा हा त्या बोटीचा नॉटमधला नैसर्गिक कमाल वेग. पाण्यातली लांबी ४० फूट असेल तर हा वेग साधारण साडेआठ नॉट येतो. या वेगाला पोहोचल्यावर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू पाहते. मग कितीही अश्वशक्ती ओता, नाळ वर उठते, मागची बाजू खाली बसते, पाणी उसळते, पण वेग फारसा वाढत नाही. सपाट तळाच्या हलक्या होड्या आउटबोर्ड मोटरवर पाण्याच्या पृष्ठभागावर उचलल्या जातात, त्यांचे गणित वेगळे. मासळी, बर्फ, जाळी आणि डिझेल भरलेल्या ट्रॉलरला ते लागू पडत नाही.

या मर्यादेच्या आतही वेग स्वस्त नाही. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, वर सांगितलेली ४० फुटी बोट ६८ अश्वशक्ती वापरून ७ नॉटने चालते. ती ८ नॉटने चालवावयाची तर १०१ अश्वशक्ती लागेल. म्हणजे एका नॉटसाठी जवळजवळ दीडपट ताकद. साडेआठ नॉट हवे असतील तर १२० च्याही वर जावे लागेल.

आता डिझेल पाहू. चांगल्या स्थितीतले डिझेल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२ लिटर डिझेल घेते. मासेमारीची जागा ३५ सागरी मैलांवर आहे असे धरू. ७ नॉटने तेथे जावयास ५ तास लागतात आणि ६८ लिटर डिझेल जळते. ८ नॉटने ४ तास २२ मिनिटे लागतात आणि सुमारे ८८ लिटर जळते. वाचली ३८ मिनिटे, गेले २० लिटर. जाऊन-येऊन ४० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर एका फेरीला ३,६०० रुपये. हंगामात अशा ७० फेऱ्या झाल्या तर २ लाख ५२ हजार रुपये केवळ या एका नॉटपायी समुद्रात गेले.

कधी ती ३८ मिनिटे मोलाची असतात. लिलावाची वेळ गाठावयाची असेल, दर पडण्यापूर्वी माल जेटीवर आणावयाचा असेल, तर परतीच्या वाटेवर जादा डिझेल जाळणे परवडते. परंतु जाताना रिकाम्या बोटीने शर्यत लावण्याला व्यापारी अर्थ नाही. मोठे इंजिन घेतले तरी पूर्वीच्याच ७ नॉटने बोट चालवली तर खर्चही जवळपास पूर्वीइतकाच राहतो. डिझेल जाळतो तो तांडेलाचा हात, हे लक्षात ठेवावे.

गरज खरी केव्हा?

मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो : ओढीसाठी आणि राखीव ताकदीसाठी.

ट्रॉलचे जाळे ओढताना बोट दोन-तीन नॉटने चालते. तेथे वेगाचा प्रश्न नसून ओढीचा आहे. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा, नीट जुळवलेला पंखा असेल तर १०० अश्वशक्तीमागे साधारण १ टन ओढ मिळते. लहान आणि भरभर फिरणाऱ्या पंख्याला याहून बरीच कमी मिळते. येथेही एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : पंख्याचा व्यास तोच ठेवून ताकद दुप्पट केली तर ओढ दुप्पट होत नाही, जेमतेम एक षष्ठांश उणे पावणेदोनपट, म्हणजे १.६ पटीच्या आसपास होते. व्यास वाढवावयास जागा असेल तर तो आधी वाढवावा. तेवढ्याच डिझेलमध्ये ओढ वाढते.

राखीव ताकदीचे मोल मात्र पैशात मोजता येत नाही. आपली बहुतेक बंदरे खाड्यांच्या तोंडाशी आहेत. ओहोटीचा ओढा ३ नॉटचा असेल आणि बोट ५ नॉटच करीत असेल, तर आत शिरताना हातात २ नॉटच उरतात. त्यात समोरून वारा आला तर बोट जागच्या जागी उभी राहते. २०१७ चे ओखी, २०१९ चे क्यार आणि २०२१ चे तौक्ते या वादळांच्या वेळी किनारा गाठण्याची घाई काय असते, हे अरबी समुद्रावरच्या प्रत्येक खलाशाने अनुभवले. ज्या बोटीचे इंजिन रोजच पूर्ण ताकदीवर चालते, तिच्याकडे संकटाच्या दिवशी वापरावयास काहीच शिल्लक नसते. म्हणून रोजच्या कामाला जी ताकद लागते ती इंजिनाच्या एकूण ताकदीच्या ७५ ते ८५ टक्क्यांत बसावी, असे इंजिन निवडणे शहाणपणाचे.

उलट टोकही टाळावे. ४०० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन ते कायम पाव ताकदीवर रखडत चालवले तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पुरते जळत नाही, काजळी धरते आणि ऑईल खाणे सुरू होते. फार मोठे इंजिन हेही एक प्रकारे चुकीचेच इंजिन होय.

इंजिन एकटे येत नाही

दुकानदार इंजिनाची किंमत सांगतो. परंतु बोटीत इंजिन, गिअर बॉक्स, शाफ्ट आणि पंखा ही एकच साखळी आहे. एक कडी बदलली की बाकीच्या तपासाव्याच लागतात.

एक उदाहरण घेऊ. जुने ६८ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करते आणि गिअर ३ ला १ आहे. म्हणजे पंखा ५०० फेरे करतो. नवे इंजिन २,२०० फेऱ्यांचे घेतले आणि गिअर तोच ठेवला, तर पंखा ७३३ फेरे करू पाहील. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणून त्याच जुन्या पंख्याला आता तिप्पटीहून अधिक, २०० च्या वर अश्वशक्ती लागेल. नवे इंजिन ११० चे असेल तर ते गुदमरेल, काळा धूर ओकेल आणि नाखवा म्हणेल की कंपनीने फसवले. याच इंजिनाला ४ ला १ गिअर लावला तर पंखा ५५० फेरे करतो आणि जुनाच पंखा सुमारे ९० अश्वशक्ती घेतो. ११० मधून ९० कामाला, बाकी राखीव. जुळणी बसली. गिअरच्या एका आकड्याने एवढा फरक पडतो.

त्यानंतर शाफ्ट. शाफ्टवर येणारा पीळ दुप्पट झाला तर त्याची जाडी सव्वापटीने वाढवावी लागते. २ इंची शाफ्टच्या जागी अडीच इंची. शाफ्ट जाड झाला की स्टर्न ट्यूब, बेअरिंग, ग्लँड आणि कपलिंगही बदलणे आले. मोठा पंखा बसवताना त्याच्या पात्याचे टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या किमान १० ते १५ टक्के अंतर हवे. ते नसेल तर पंखा थरथरतो आणि शिवणीतून पाणी येऊ लागते.

इंजिनाचे बेड लाकडी असेल तर ते जुन्या वजनाला आणि जुन्या हादऱ्याला जुळलेले असते. नव्या इंजिनासाठी बेड लांब करून भार अधिक फासळ्यांवर पसरवावा लागतो. वजनाचाही विचार व्हावा. जुनी सावकाश फिरणारी इंजिने जड होती आणि तळाशी बसून बोटीला स्थिर ठेवीत. त्यांच्या जागी हलके, भरभर फिरणारे इंजिन आले की बोट वर उचलली जाते आणि जास्त डोलू लागते. जड इंजिन मागे बसवले तर मागची बाजू खाली जाते. अनुभवी सुतार मेस्त्रीला आणि तांडेलाला या वेळी समोर बसवून विचारावे.

याशिवाय थंड पाण्याचा पंप व पाइप, एक्झॉस्टची जाडी आणि इंजिन खोलीत हवा येण्याची वाट हीही वाढवावी लागते. मोठ्या इंजिनाला जास्त हवा लागते. झडपा जुन्याच ठेवल्या तर विकत घेतलेली ताकद हवेअभावी मिळतच नाही. मोठी टाकी बसवली तर तिचे वजन आणि जागाही हिशेबात धरावी.

शेवटचे काम अलाइनमेंटचे. बोट किनाऱ्यावर असताना लाकडी सांगाडा एका आकारात असतो, पाण्यात उतरली की थोडा बदलतो. म्हणून कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट बोट पाण्यात दोन-तीन दिवस बसल्यावर फीलर गेजने पुन्हा तपासावी. कपलिंगच्या दर इंच व्यासामागे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त फरक नसावा, असा फिटर लोकांचा नियम आहे. पैसे देऊन मोकळे होण्यापूर्वी नाखव्याने हे माप स्वतः डोळ्यांनी पाहावे.

ट्रकचे इंजिन आणि बोटीचे इंजिन

जुन्या ट्रकचे इंजिन काढून त्याला पाण्याची व्यवस्था जोडून बोटीत बसवणे स्वस्त पडते, आणि अनेक बोटी अशाच चालतात. परंतु ट्रक घाट चढून गेल्यावर उतारावर विसावा घेतो. बोटीचे इंजिन म्हणजे दिवस-रात्र आंबा घाट चढणारा ट्रक. त्याला उतार नाही. रस्त्यावर १६० अश्वशक्ती देणारे इंजिन समुद्रात सतत तेवढी ताकद देत राहील, अशी अपेक्षा धरू नये. पाटीवर किंवा कागदावर सतत चालवण्याची ताकद किती, हे वेगळे विचारून घ्यावे. आकडा किलोवॉटमध्ये असेल तर ७५ किलोवॉट म्हणजे साधारण १०० अश्वशक्ती.

वापरलेले इंजिन घेताना हीट एक्स्चेंजर, खाऱ्या पाण्याचा पंप, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट, ऑईल कूलर आणि गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे आहेत की नाहीत ते पाहावे. सुटे भाग रत्नागिरीत किंवा मुंबईत लगेच मिळतात का, हा प्रश्न तर किमतीच्याही आधी विचारावा. ऐन हंगामात एका पंपासाठी तीन आठवडे जेटीला बांधलेली बोट कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही.

पैसा मालकाचा, डिझेल सर्वांचे

आपल्याकडील वाट्याच्या पद्धतीत मासळी विकून आलेल्या रकमेतून आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो आणि उरलेले बोट व खलाशी यांच्यात वाटले जाते. याचा अर्थ इंजिन मालक घेतो, पण त्याची भूक सगळे मिळून भागवतात. समजा, एका फेरीची मासळी ६०,००० रुपयांना गेली, खर्च ४०,००० झाला, उरले २०,०००. मासळी तेवढीच आली आणि डिझेल ३,६०० रुपयांनी वाढले, तर वाटणीला १६,४०० च राहतात. प्रत्येकाच्या वाट्यात १८ टक्के घट. खलाशाला न विचारता त्याची मजुरी कापल्यासारखेच हे आहे. म्हणून इंजिन बदलण्यापूर्वी तांडेल व खलाशांना हिशेब दाखवावा आणि वाटणीचे बोलणे आधीच स्पष्ट करावे. जेथे नेपाळी किंवा परगावचे खलाशी महिन्याच्या पगारावर आहेत, तेथे हा सगळा भार एकट्या नाखव्यावर पडतो. त्याने तर अधिकच सावध राहावे.

भांडवलाचाही विचार तितकाच महत्त्वाचा. बँकेचा हप्ता बारा महिने असतो, बोट मात्र दहा महिनेच चालते. जूनचा आणि जुलैचा हप्ता कोठून द्यावयाचा, याचे उत्तर कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तयार हवे. मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेणे वरवर सोपे दिसते. व्याजाचा शब्दही निघत नाही. परंतु मग माल त्यालाच आणि बहुधा त्याच्याच दराने द्यावा लागतो. किलोमागे सुटलेले पाच-दहा रुपये वर्षभर जोडून पाहिले तर ही उचल किती महाग पडली ते कळते. व्याजाचा व्यवहार टाळू इच्छिणारी कुटुंबे भावाभावांची किंवा मित्रांची भागीदारी करतात. हा मार्ग चांगला आहे, मात्र कोणाची किती रक्कम, नफ्यात किती वाटा आणि तोटा झाला किंवा इंजिन बंद पडले तर कोणी किती सोसावयाचे, हे साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावे. तोंडी व्यवहाराने बोटी आणि नाती दोन्ही बुडालेली आहेत.

कागद विसरू नका

बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिलेली असते. इंजिन बदलले की मत्स्यव्यवसाय खात्याकडे त्याची नोंद करून घ्यावी. डिझेलवरील कराचा परतावा आपल्याकडे मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. कागदावर एक इंजिन आणि बोटीत दुसरे, असे तपासणीत आढळले तर तो अडकू शकतो. विम्याचेही तसेच. अपघात झाल्यावर विमा कंपनी सर्वप्रथम कागद पाहते. इंजिनाचे मूळ बिल, हमीपत्र आणि गिअर बॉक्सचा क्रमांक यांच्या प्रती घरी आणि संस्थेत अशा दोन्ही ठिकाणी ठेवाव्यात.

शर्यतीत जिंकतो कोण?

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. मोठे इंजिन अधिक पाणी पिंजते, अधिक मासळी निर्माण करीत नाही. एका बोटीने ताकद वाढवली तर तिचा फायदा होतो. सगळ्या बंदराने वाढवली तर मासळी तेवढीच राहते आणि डिझेलचे बिल मात्र सर्वांचे वाढते. मालवण-रत्नागिरीच्या समुद्रात परराज्यांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरविरुद्ध आपले मच्छीमार कित्येक वर्षे तक्रार करीत आहेत. त्यांच्याशी वेगात बरोबरी करणे लहान नाखव्याला परवडणारे नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र राज्याच्या अखत्यारीत येते आणि त्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील दंड बरेच कडक करण्यात आले. दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढणे आणि एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करणे यांवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. अशा मासेमारीच्या आशेने ज्याने मोठे इंजिन घेतले, त्याचा हप्ता दंडाच्या पावतीवर अवलंबून राहील.

तरुणांसाठी काम आहे

या विषयाला दुसरी, आशेची बाजूही आहे. बंदरावर इंजिने वाढली, पण गिअरचे गुणोत्तर, पंख्याचा पीच आणि शाफ्टची जाडी यांचा हिशेब करून देणारे जाणकार फारच थोडे. पुष्कळ ठिकाणी अंदाजानेच काम चालते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांतून मच्छीमार तरुणांना नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला जातो. वेर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी अशी ही केंद्रे आहेत. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी कोचीला केंद्र सरकारची मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे. आखातात नोकरी शोधणाऱ्या आपल्या तरुणांपैकी काहींनी हे शिक्षण घेतले आणि एक फीलर गेज, एक फेरे मोजण्याचे मीटर व थोडी सुटी हत्यारे घेऊन बंदरावर वर्कशॉप टाकले, तर काम त्यांना शोधत येईल. कमीत कमी पैशात नाखव्याची बोट नीट चालवून देणारा फिटर प्रत्येक बंदराला हवा आहे.

इंजिन बदलावयाचेच ठरले असेल तर क्रम असा ठेवावा. मे महिन्यात, बोट पाण्यात असतानाच, जुन्या इंजिनाची परीक्षा घ्यावी आणि फेरे, वेग व तासाला लागणारे डिझेल वहीत लिहून ठेवावे. जूनमध्ये तळ साफ करून पंखा, शाफ्ट व बेड यांची मापे घ्यावीत. इंजिन, गिअर, शाफ्ट व पंखा या चारही वस्तूंची किंमत एकत्र मागावी आणि मगच पैशाची तजवीज करावी. बोट पाण्यात उतरल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासावे, पहिल्या ५० तासांनंतर ऑईल बदलावे आणि त्याच अंतरावर, तेवढाच माल भरून, मेमधली परीक्षा पुन्हा घ्यावी. वहीतले जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवले की घेतलेली अश्वशक्ती कामाला लागली की धुरात गेली, याचा निवाडा दुसऱ्या कुणाला विचारावा लागणार नाही.